पांढऱ्याला वाचव

"पांढऱ्याची खेळी. उत्तर शुक्रवारपर्यंत. मोबाईलला विचारायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही."

हेमचंद्र सरांचा गृहपाठ असा यायचा. दर दोन-तीन दिवसांनी स्नेहलच्या मोबाईलवर एका कागदाचा फोटो; त्यावर एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेघा आणि हाताने काढलेले काळे-पांढरे गोल. सर नगरला सावेडीत राहायचे. सुप्याच्या एका कारखान्यात नोकरीला असताना तिथल्या जपानी इंजिनिअरकडून ते गो हा खेळ शिकले, आणि निवृत्त झाल्यावर स्नेहलला शिकवायला लागले. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी एकमेकांना घेरायचं, एवढाच तो खेळ. पण एकदा गोडी लागली की माणूस त्यातून उठत नाही.

स्नेहल तिसगावची. दिवसा मामाच्या कृषी सेवा केंद्रात बियाणं-औषधं विकायची आणि संध्याकाळी प्लायवूडच्या तुकड्यावर रेघा मारून शर्टाची बटणं मांडून बसायची. तिच्या आईला, रंगुबाईंना, हे काही केल्या पचत नव्हतं.

"कालेज सुटून दोन वर्सं झाली," त्या म्हणायच्या, "अन् हिचा अभ्यास काय संपत न्हाई. त्यातली चार बटनं तरी बापाच्या सदऱ्याला लाव."

स्नेहल हसून सोडून द्यायची. एकेका गृहपाठाला तिचे दोन-दोन तास जायचे. पांढरा इथे खेळला तर काळा काय करील, तिथे खेळला तर काय करील, सगळं वहीत कारणांसकट उतरवायची आणि त्या पानाचा फोटो सरांना पाठवायची. उत्तर बरोबर की चूक, हे सर कधीच सांगत नसत. उत्तर कळलं की डोकं आळशी होतं, असं त्यांचं म्हणणं. सरांची तऱ्हाच निराळी, असं तिला वाटायचं. असा गुरू आपल्याला मिळाला याचा तिला मनापासून अभिमान होता.

एकच गोष्ट डाचत होती. सर तिला स्पर्धेत उतरू देत नव्हते. अजून कच्ची आहेस, म्हणायचे, आणि विषय बदलायचे. या वर्षी तर राज्याच्या संघात एक जागा रिकामी होती. निवड मोबाईलवरच्या डावांतून व्हायची. एकेका खेळीला दोन दिवसांची मुदत, खरं नाव शेवटपर्यंत झाकलेलं, मदत कुणाचीही घ्यायची नाही. चालू डाव खेळणाऱ्या दोघांशिवाय तिसऱ्याला दिसत नसे. स्नेहलने टोपणनाव घेतलं आणि सरांना न विचारता अर्ज भरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्यांच्यापासून काही लपवलं होतं.

सहा डाव जिंकून ती शेवटच्या डावापर्यंत पोचली. हा जिंकला की जागा तिची. समोरचा कोण, कुठला, काही पत्ता नाही. पण डाव हळूहळू तिच्या बाजूला झुकत होता. आणि तो जसजसा झुकत गेला तसतसं मन तिला खाऊ लागलं. ज्या माणसाने हाताला धरून शिकवलं, त्याच्याच पाठीमागे हे उद्योग. शेवटी तिने ठरवलं, रविवारी शिकवणीला गेलं की सगळं सांगून टाकायचं. सर म्हणाले तर नाव मागे घ्यायचं. जागा गेली तर गेली.

रविवारी ती पोचली तेव्हा सर आतल्या खोलीत होते. त्यांच्या पत्नीने, सुनीतीबाईंनी, तिच्या हातात पोह्यांची बशी दिली.

"कालपासून त्यांचं कशात लक्ष नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता तर मोबाईल घेऊन दारच लावून बसलेत."

पोहे संपायच्या आत सर बाहेर आले. हातात कागद होता, नुकताच काढलेला. चेहरा ओढलेला दिसत होता. आपलं बिंग फुटलं की काय, या धास्तीने स्नेहलने बशी खाली ठेवली.

"सर, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी हे मांड," सर म्हणाले. "आज घरी न्यायचं नाही, इथेच सोडवायचं. मग बोलू."

तिने पट पुढे ओढला आणि कागद बघून एकेक सोंगटी ठेवू लागली. मनात मात्र माफीची वाक्यं जुळवणं चालू होतं. सर चिडतील, कदाचित बोलायचेच बंद होतील. पंचवीस-तीस सोंगट्या झाल्या असतील, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण कागदाकडे बघतच नाही. हात आपोआप चालले होते. तिने कागदाशी ताडून पाहिलं. एकही सोंगटी चुकली नव्हती.

उरलेल्या तिने सावकाश ठेवल्या. जुळवलेली वाक्यं डोक्यातून कुठल्या कुठे गेली.

"सर, हा डाव कुणाचा?"

"जुना आहे." सरांनी चहाचा घोट घेतला. "जपानमधला. खेळणारे दोघंही वारले त्याला जमाना झाला. काळ्याने कसं आवळत आणलंय बघ. काहीतरी कर, पांढऱ्याला वाचव."

स्नेहल पटाकडे बघत राहिली. काळ्याची शेवटची सोंगटी उजवीकडच्या कोपऱ्यात होती. ती तिनेच आज सकाळी, करंजीचा घाट ओलांडून मोबाईलला रेंज आल्यावर, एसटीच्या खिडकीशी बसून लावली होती.