उतारासाठी प्लाय

दारापुढच्या तीन पायऱ्यांवर बाबांच्या व्हीलचेअरसाठी उतार करायचा होता. दुकानदाराने साधा प्लाय दाखवला, तर मुलाने नुसती नकारार्थी मान हलवली. एरवी खिळ्यांच्या पुडीसाठीही घासाघीस करणारा माणूस, पण आज हट्टालाच पेटला होता. पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या दहा शीट त्याने बोटांनी ठोकून पाहिल्या, पोकळ वाजणाऱ्या परत केल्या आणि कडा नीट तपासून दोन निवडल्या. बाबांच्या बाबतीत त्याला काही कमी पडू द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी सुताराने शेवटचा स्क्रू आवळला. बाबा दारात खुर्चीवर बसून सगळं बघत होते. पाय सोडले तर त्यांचं बाकी सगळं शाबूत होतं, चौकशा करायची सवयही.

"पावसात टिकेल का हो?" त्यांनी विचारलं.

"काका, वीस वर्षं बघायला नको," सुतार म्हणाला. "मी म्हटलं होतं, तात्पुरता हवा असेल तर साधा लावू, वर्षभर सहज निघेल. पण तुमचे चिरंजीव ऐकतील तर शपथ. नशीबवान आहात."

मुलगा कानकोंडा होऊन हसला, पण आतून सुखावला.

बाबांनी खुर्ची उतारावर थोडी पुढे घेतली, मग मागे घेतली.

"भक्कम आहे," ते म्हणाले. मग मुलाकडे वळून, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "दोन महिन्यांत चालायला लागाल असं डॉक्टर म्हणाले, हे तूच सांगितलं होतंस ना मला?"