मुरबाडचं पेट्रोल

कॅन उघडून चांगोने आधी वास घेतला. मग थोडं पेट्रोल तळहातावर ओतलं आणि ते उडून जाईपर्यंत बघत राहिला.

"मुरबाडचंच आहे ना? वाटेत नाक्यावरच्या पंपावर तर नाय भरलंस?"

किशोर काहीतरी पुटपुटला.

"तोंडातल्या तोंडात काय बोलतोस रे? नीट सांग."

"मुरबाडचंच हाय, काका," किशोर मान वर करून मोठ्याने म्हणाला.

किशोर म्हणजे चांगोच्या पोराचा, प्रणयचा, जिवलग दोस्त. प्रणय गेल्यापासून या पोराचा आवाजच बसला, असं चांगोला वाटायचं. बसणारच. ज्याचं जातं त्याचं जातंच, पण सोबत फिरणाऱ्याचंही थोडं जातं.

शेणव्याच्या रस्त्याला लागून चांगोचं गॅरेज. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि दुखणं सांगायचं, अशी त्याची रीत. शहापूर-मुरबाडकडची माणसं नव्या गाड्यासुद्धा त्याच्यापुढे आणून उभ्या करत. चांगो हो म्हणाला की विषय संपला.

अशा माणसाच्या पोराला साधी मोटारसायकल कशी चालेल?

"बाबा, दुप्पट ताकद पाहिजे," प्रणय म्हणाला होता. "पण रेसवाल्यांचं पेट्रोल आपण कुठून आणायचं? आपल्या पंपावरचंच घालून पळाली पाहिजे."

मेख तिथेच होती. ताकद हवी तर सिलिंडरमधला दाब वाढवावा लागतो. दाब फार वाढला की पंपावरचं साधं पेट्रोल वेळेआधीच पेट घेतं आणि इंजिन आतून टकटकायला लागतं. ती टकटक सुरू असताना गाडी हाणली तर पिस्टन जळलाच म्हणून समजा. चांगोने हेड घासून दाब वाढवला, मोठा पिस्टन बसवला, आणि जिथे टकटक सुरू होईल त्याच्या केसभर अलीकडे ठिणगीचं टायमिंग बांधलं. बापलेकांनी आयुष्यात इतकं हसत कधी काम केलं नव्हतं.

पहिल्याच फेरीत, सापगावच्या पुढच्या वळणावर, पिस्टन जळून सिलिंडरमध्ये चिकटला. मागचं चाक जागच्या जागी आवळलं. प्रणय समोरून येणाऱ्या डंपरखाली गेला.

तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण गॅरेजात गाड्या येईनाशा झाल्या. बापाच्या हौसेने पोरगा खाल्ला, ही कुजबुज फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलीच. चांगो एकच सांगायचा, पेट्रोल भेसळीचं होतं. नाक्यावरच्या पंपावर जाऊन त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. पंपवाल्या बिचाऱ्याने दोनदा तपासणी करून घेतली. पेट्रोल चोख निघालं. चांगोने ते मानलं नाही. मानलं असतं, तर मग पोराला मारलं कोणी?

म्हणून त्याने तेच इंजिन पुन्हा बांधलं. तोच दाब, तेच टायमिंग. बदललं ते फक्त पेट्रोल. टकटकलं तर दोष आपल्या हाताचा, नाही टकटकलं तर त्या पेट्रोलचा. एवढ्या एका उत्तरासाठी तो वर्षभर जगत होता.

घर तर कधीचंच मुकं झालं होतं. बायकोने, गुणाबाईने, कुकर लावणंही सोडलं असावं, कारण शिटी म्हणून येत नसे. परसातले रातकिडे यंदा फिरकले नाहीत. मोबाईल वाजत नव्हता, पण अशा माणसाला फोन करणार तरी कोण? ज्या घरातून पोर जातं तिथलं सगळंच विझतं, असं मनाशी म्हणून चांगो खाली मान घालून जेवायचा.

गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. किशोर सीटवर बसला. तिसरा गिअर टाकून मागचा ब्रेक अर्धा दाबला की इंजिनावर चढावासारखा भार येतो. चांगो उकिडवा बसला, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाला लावली.

"हाण!"

इंजिन गरजलं. छपराचे पत्रे हादरले. मुठीतून एक खोल, दमदार घुमारा थेट छातीत उतरला. चांगो श्वास रोखून टकटकीची वाट बघत राहिला. ती आली नाही.

"अजून हाण!"

किशोरने अजून पिळलं. घुमारा वाढला, बस्स. टकटक नाही.

किशोरने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरून आले होते. आपल्या प्रणयसाठी कोणीतरी अजून रडतंय, हे बघून चांगोला फार बरं वाटलं.

"ऐकलंस रे?" तो ओरडला. "लोण्यासारखं चालतंय! ते पेट्रोलच होतं. पेट्रोलनेच खाल्लं माझ्या पोराला. मी नाय! मी नाय रे!"

आणि वर्षभरात पहिल्यांदाच तो ढसाढसा रडला. आता चावडीवर जाऊन ताठ मानेने सांगता येणार होतं.

गुणाबाई घरातून धावतच आली. त्या दिवसापासून तिने गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं. किशोरला बाजूला सारून तिने स्वतःच चावी फिरवली. इंजिन थांबलं, तरी तिने कानांवर हात घट्ट दाबूनच धरले होते.

"पुरे करा आता," ती म्हणाली. "त्या दिवशी निघताना पण अशीच टकटकत होती. मी त्याला अडवला, म्हटलं, उतर. तर म्हणतो, आई, तुला काय कळतंय? बाबांनी कान लावून बघितलंय. बाबा टकटक नाय म्हणाले, म्हणजे नाय."