घराकडची बाजू

बर्फावरून दफनभूमीला निघालेली शवपेटीची घसरगाडी रिवाजाप्रमाणे तळ्याकाठच्या पाइनच्या झाडापाशी थांबली. तौनोने खालच्या फांद्या छाटल्या, वडिलांची आद्याक्षरं कोरायला चाकू काढला. गेलेला माणूस घराच्या ओढीने परत निघालाच, तर इथे स्वतःचं नाव वाचतो, आपण मेलोय हे त्याला उमगतं आणि तो मुकाट्याने माघारी फिरतो. म्हणून अक्षरं दफनभूमीच्या बाजूने कोरायची. “तिकडून नको. घराच्या बाजूने कोर,” आई म्हणाली. “अगं आई, मग येताना बाबांना दिसणार कसं?” “नकोच दिसायला.” “लोक हसतील!” “हसू देत. चाळीस वर्षं ते याच जंगलातून घरी आले. एकदा तरी मी दार लावून घेतलं का?” तौनो झाडाला वळसा घालून घराच्या बाजूला आला. “अक्षरं लहान काढ,” ती म्हणाली. “कुठलंही झाड ओलांडलं की मागे वळून बघायची खोड आहे त्यांना.”