पाणमांजराची अर्धी गोष्ट

हात्सुएआजींनी गोष्टीला सुरुवात केली मात्र, आगटीपलीकडच्या रिकाम्या चटईवरून आवाज आला, "हेत्!"

आजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज कानेकिचींचा होता, त्यांच्या नवऱ्याचा. आणि कानेकिची तर थंडीत, तळं गोठलेलं असतानाच गेले होते.

चटईवर एक काळा स्पीकर ठेवला होता. कार्यक्रम सांभाळणारी नात्सुमी दाराशी उभी राहून हसली. "मागच्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमधून तुमचं गाणं काढून टाकलं, आजी, नि आजोबांचा तेवढा आवाज ठेवला. म्हटलं, तुम्हाला एकटं वाटायला नको." पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला काय बोलणार, कप्पाळ!

समोर हॉटेलातले पाहुणे दाटीवाटीने बसले होते. सकाळी बोटीतून तळं पाहून झालं, दुपारी लाकडी अस्वलं विकत घेऊन झाली, आता इथल्या मूळच्या आयनू लोकांची गोष्ट, मग गरम पाण्याचे झरे. सगळ्यांचे फोन वर झाले. ऐकणाऱ्याने आगटीच्या चौकटीवर काठी ठोकत हुंकार द्यायचा, त्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही, हे त्यांतल्या कुणाला ठाऊक असणार? काठी चौकटीपाशी तशीच पडून होती.

आजी गाऊ लागल्या. नदीत मासा उरला नाही. माणसांनी दिलेला निरोप घेऊन पाणमांजर देवाकडे निघालं. वाटेत खेळत बसलं, विसराळू मेलं!

ठक्, ठक्, स्पीकर वाजत होता. आजी दम खायला थांबल्या, त्यातली काठी थांबली नाही. आजी हळू झाल्या, तर काठी पुढे निघून गेली. खरे कानेकिची असे नव्हते. दुपारचं जेवून ते चक्क डुलक्या काढायचे, पण झोपेतही काठी आजींच्या श्वासाबरोबरच पडायची. "हा माणूस घोरतोय की हुंकार देतोय, तुम्हीच सांगा बाई," असं आजी पाहुण्यांना म्हणायच्या, आणि ते डोळे न उघडता ओरडायचे, "हेत्!"

आता हुंकार होता, ऐकणारा नव्हता. एवढ्या माणसांत आजींना फार एकटं वाटलं.

पाणमांजर देवाच्या दारी पोचलं. देवाने विचारलं, "काय निरोप आणलास?" पाणमांजराने तोंड उघडलं...

आणि आजी गप्प झाल्या.

"पुढे?" पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली. "आठवलं का त्याला? सांगा ना!"

नात्सुमी लगबगीने आली, कानाशी वाकली. "आजी, विसरलात का? शेवट राहिलाय."

"विसरायला मी काय पाणमांजर आहे?"

"मग?"

"अस्वल मारून त्यातल्या देवाची त्याच्या घरी पाठवणी करायचे ना, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या त्याला गोष्ट सांगायच्या. आणि ऐन रंगात सोडून द्यायच्या. उरलेली ऐकायला तो पुन्हा येतो." आजींनी काठी उचलून रिकाम्या चटईवर ठेवली. "ह्यांच्या पाठवणीला माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही गं. राहूनच गेलं."

नात्सुमीचे डोळे भरले. ती स्पीकर बंद करायला वाकली, तर आजींनी तिचा हात धरला.

"असू दे."

पाहुणे चुळबुळले. मग एकेक जण उठला, दाराशी बूट चढवून तळ्याकडे गेला. स्पीकरमधली काठी चालूच होती. गोष्ट संपत आली की कानेकिचींना नेहमीच चेव यायचा. "हेत्! हेत्!"

आजी ओठ मिटून बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने चटईकडे बघून म्हणाल्या,

"एवढी घाई झालीय, तर या की इकडे."