उरलेली बॅटरी

बारवी धरणाच्या काठाला व्हॅन लावली आणि मी सवयीने एकेक बटण बंद करत सुटले. पंखा, फ्रिज, दिवे. मोबाइलही चार्जिंगवरून काढला.

"अगं, पंखा तरी ठेव. उकडून काढतेस का मला?" साईनाथ म्हणाला.

"गप रे. इथे वीज नाही. बॅटरी सकाळपर्यंत पुरवायचीय ना?"

त्याने उठून पंखा लावला, फ्रिज लावला, सगळे दिवे लावले. आमच्या लेकीच्या, सान्वीच्या, रिकाम्या बर्थवरचासुद्धा.

"पुरेल गं," तो हळूच म्हणाला. "तिचं श्वासाचं मशीन परत देऊन टाकलंय ना आपण."

एरवी बॅटरी सकाळच्या चहापुरतीही उरायची नाही. आज उठले, तर सगळं चालूच होतं आणि बॅटरी निम्मी शिल्लक होती.