तांबडी रेघ

दरबारासाठी नकाशे रंगवणाऱ्या ग्योमनं कुंचला हातात धरूनच बायकोला हाक मारली, "ओक्बुन, लवकर ये!"

ती चुलीपासून धावत आली. कोरियाचा नकाशा पसरला होता. डोंगर हिरवे, नद्या निळ्या, रस्ते तांबडे. तिच्या माहेराकडे मात्र एकही तांबडी रेघ जात नव्हती. दरड कोसळून घाट बंद झाला, तेव्हापासून आईची खबरही तिला मिळाली नव्हती.

"घाट मोकळा झालाय! पलीकडून आलेला शिपाई सांगत होता, तुझी आई ठणठणीत आहे." ग्योमनं कुंचला तांबड्या रंगात बुडवून तिच्या हाती दिला. "माहेरची वाट तूच काढ."

तिनं काढलेली रेघ जरा वाकडी झाली, पण गावापर्यंत पोचली.

रंग वाळायच्या आत ओक्बुन गाठोडं बांधायला लागली होती.