पुलावरची मधली लेन

पूल सुरू झाला तशी बसपुढची सायकल कड सोडून लेनच्या मधोमध आली. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवला. पिवळं हेल्मेट, मागे शिवलेल्या पडद्यांचा गठ्ठा, ताठ पाठ. ही पाठ त्याने हजारांत ओळखली असती. बायकोच ती.

गेल्या वर्षी याच पुलावर कुणीतरी मागून हॉर्न बडवला, ती कडेला सरकली आणि पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. हात मोडला. बरी झाल्यावर तिने वाहतुकीचा नियमच त्याला वाचून दाखवला. लेन अरुंद असेल तर सायकलने मधून जावं.

“नियम ठीक आहे गं,” तो म्हणाला होता, “पण मागे आमच्यासारखे असतात ना!”

आज सकाळी निघताना ती म्हणाली, “पूल जमला नाही, तर सायकल विकून टाकू.”

“अहो, हॉर्न मारा की!” पहिल्या बाकावरचे काका वैतागले. “बाई काय बागेत फिरायला आलीय?”

“लेन तिचीही आहे,” ड्रायव्हर म्हणाला.

कंडक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. हॉर्नशिवाय ज्याचं पान हलत नाही, तो हा माणूस!

बसमागच्या मोटारवाल्याला कुठला धीर! त्याने हॉर्न दाबूनच धरला. सायकल डगमगली, जाळीच्या बाजूला कलली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर पुढे झुकला.

“सरकू नकोस,” तो पुटपुटला.

तिने मागे पाहिलंही नाही. हँडल सावरलं आणि सावकाश पुन्हा मधोमध आली. ड्रायव्हरचा ऊर भरून आला. अख्खी बस तिच्यामागे रांगत होती आणि त्याला वाटत होतं, हा पूल संपूच नये.

पूल संपला. रस्ता रुंद होताच ती आपणहून कडेला झाली. सिग्नल लाल होता. बस शेजारी येऊन थांबली, तशी तिने उघड्या दारातून आत डोकावून हात जोडले.

“उपकार झाले हो, ड्रायव्हरदा... अगं बाई, तुम्ही होय! मला वाटलं, कुणीतरी चांगला ड्रायव्हर आहे!”

बसमध्ये हशा पिकला. काकाही हसले.

सिग्नल सुटला. ड्रायव्हरने बस जागची हलवली नाही.

“तू हो पुढे,” तो म्हणाला. “मागे मी आहे.”